वत्सलाअक्का आणि हिंगलवदची शीव

वत्सलाअक्का सुरवाडे नव्या माणसाला भेटल्या की त्याचं नाव, गाव, पगार यांतलं काहीएक विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "यादीमा नाव शे का?"

मला हा प्रश्न त्यांनी शाळेच्या फाटकातच विचारला. मी मूळचा सावद्याचा. बदली होऊन जळगावच्या वेशीवरच्या हिंगलवदच्या शाळेत रुजू व्हायला आलो होतो आणि हातात अजून ट्रंक होती. माझं नाव सावद्याच्याच मतदारयादीत आहे असं मी सांगितलं, तेव्हा अक्कांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चप्पल घालून देवळात शिरलोय.

"म्हणजे ऱ्हातस आठे अन मत देतस तठे," त्या म्हणाल्या. "मंग गुरुजी, आठला रस्ता खराब व्हयना तर तुम्ही कोणाले बोलशात?"

मी उत्तर शोधेपर्यंत त्यांनी पिशवीतून अर्ज काढला, फाटकाच्या खांबावर ठेवून अर्धा भरला आणि सही घेतली. हेडमास्तरांकडे मी रुजू झालो त्यानंतर. म्हणजे हिंगलवदचा मतदार मी आधी झालो आणि मास्तर मागाहून झालो.

अक्का गावातल्या अंगणवाडीच्या सेविका होत्या, आणि सरकारने त्यांच्या गळ्यात मतदारयादीचंही काम घातलं होतं. घरोघर जाऊन नावं घालायची, गेलेल्यांची कमी करायची, चुका सुधारायच्या. ज्याला हे काम लागतं तो कपाळाला हात लावतो. गावाचा दुसरा भाग मला लागला तेव्हा मीही लावला. अक्कांना मात्र ते काम म्हणजे माहेरपण वाटायचं. बुटक्या, भराभर चालणाऱ्या, मनगटावर नवऱ्याचं जुनं मोठं घड्याळ, खांद्यावर कापडी पिशवी आणि पिशवीच्या बंदाला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. पेन्सिल बांधलेली का, तर गावात पेन्सिल मागून घेणारे पुष्कळ आणि परत देणारा एकही नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांचं एक वाक्य मी आता धुळ्याला बदलून आल्यावरही नव्या सहकाऱ्यांना ऐकवतो. "मेलेलं माणूस यादीमा जगाले नको, अन जित्तं माणूस यादीमा मराले नको." यादीतल्या चुकांवर सरकारने एवढी परिपत्रकं काढली, पण मला तरी त्या सगळ्यांत यापेक्षा जास्त काही सापडलेलं नाही.

गावातली यच्चयावत पोरं अक्कांनी अंगणवाडीच्या काट्यावर तोललेली. ते वजन त्या विसरत नसत. अठरा पूर्ण झालेला एखादा पोरगा नाव घालायला आला, मिशीला पीळ देत मोटारसायकल लावून उभा राहिला, की अक्का सगळ्यांदेखत मला सांगायच्या, "हा पावणेदोन किलोना व्हता गुरुजी. कापूसमा गुंडाळी ठेयेल व्हता." पोरगा लाल. त्याचे मित्र पुढचा महिनाभर त्याला पावणेदोन म्हणून हाक मारायचे. जन्माचा दाखला मागायची मात्र अक्कांना कधी गरज पडली नाही, कारण गावातला प्रत्येक जन्म त्यांच्या डोक्यात नोंदलेला होता.

नव्या सुनांची नावं घालायला आम्ही एकदा बरोबर फिरलो. एका घरात सत्तरीच्या आजीची नोंदही सुधारायची होती, पण ती नवऱ्याचं नाव उच्चारायला तयार होईना. अर्जात नवऱ्याचं नाव हवंच. मी म्हटलं, राहू द्या, आधारकार्ड बघून लिहू. अक्कांना ते पटेना. आजी, लग्नात उखाणा घेतला असेल ना, तोच घ्या परत, असं म्हणून त्यांनी आजीला ओट्यावर बसवलं, सुनांना भोवती उभं केलं, आणि आजीने पदर तोंडाला लावून पन्नास वर्षांपूर्वीचा उखाणा अख्खा घेतला. आत खाटेवर पडलेले आजोबा उठून दारात आले. अक्कांनी नाव लिहून घेतलं आणि आजोबांना बजावलं की बाईने तुमचं नाव पहिल्यांदा सरकारी कागदावर घेतलंय, आज तरी चहा तुम्ही करा. त्यांनी केला. साखर दुप्पट झाली होती, पण आजी, अक्का आणि मी, तिघांनीही तो प्यायला.

आता हिंगलवदबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. हे गाव आधी इथे नव्हतं. नदीपलीकडे, दुसऱ्या तालुक्यात होतं. धरण झालं तेव्हा गाव उठवलं आणि शहराबाहेर हायवेजवळ वसवलं. जुनं गाव मात्र पूर्ण बुडालं नाही. निम्मं पाण्यात गेलं, निम्मं बाभळींनी घेतलं, आणि उंचावरचा मारुती व त्याच्यापुढचा शिवेचा दगड तेवढे कोरडे राहिले. गावाने घरं हलवली, गुरं हलवली, मारुतीची नवी मूर्तीही बसवली. शीव मात्र हलवायचं कोणाच्या मनात आलं नाही. गावात लग्न झालं की नवरानवरी ट्रॅक्टरमध्ये बसून पूल ओलांडून त्या बाभळींत जात आणि जुन्या दगडावर नारळ फोडून परत येत. ऐन वैशाखात, डोक्यावर ऊन तापलेलं असताना, अख्खं वऱ्हाड दोन तास वाटेत. मी एकदा गेलो होतो. शेरवानीतला नवरदेव काटे चुकवत चालत होता आणि बँडवाले सावलीला बसले होते.

अशातच आमच्या भागात नवा लोकसभा मतदारसंघ होणार असं ठरलं. शहर वाढत वाढत बाहेर आलं होतं. त्या बाहेरच्या वसाहती, कॉलन्या आणि त्यांना चिकटलेली गावं मिळून एक वेगळा मतदारसंघ. अक्कांना झालेला आनंद मी विसरणार नाही. शहरवाल्यांच्या शेपटाला धरून इतकी वर्षं मत दिलं, आता आपला खासदार आपल्यासारखाच वेशीवरचा असेल, असं त्या सगळ्यांना सांगत सुटल्या. अंगणवाडीतल्या पोरांनाही सांगितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मग कच्चा आराखडा आला. तहसीलच्या फलकावर गावांची यादी लागली, ती बघायला आम्ही दोघं बसने गेलो. अक्कांनी बोटाने एकेक गाव वाचत यादी संपवली. हिंगलवद नव्हतं. पुन्हा वरून वाचली. मग मला शेजारच्या मतदारसंघाच्या यादीत ते सापडलं, नदीपलीकडच्या गावांत. मतदान केंद्र कुठे, तर पलीकडच्या गावच्या शाळेत. म्हणजे हायवेवर राहणाऱ्या माणसांनी पूल ओलांडून बाभळींच्या पुढे जाऊन मत द्यायचं, आणि खासदारही तिकडचा.

मला वाटलं कारकुनाची चूक असेल. आत जाऊन विचारलं. कारकून सज्जन होता, त्याने फाईलच पुढे केली. तिच्यात एक पंचनामा होता. त्यात लिहिलं होतं की हिंगलवद गावाची शीव नदीपलीकडे अमुक दगडापासून अमुक ओढ्यापर्यंत असल्याचे ग्रामस्थांनी एकमुखाने सांगितले. खाली तीस-चाळीस सह्या. पहिली सही वळणदार, ठळक, शाईच्या पेनाने केलेली. वत्सला सुरवाडे.

अक्का फाईलकडे बघत राहिल्या. आणि मला सगळं आठवलं. गेल्या उन्हाळ्यात मंडळ अधिकारी चौकशीला आले होते. त्या दिवशी गावात लग्न होतं. वऱ्हाड नुकतंच जुन्या शिवेवर नारळ फोडून परतलं होतं आणि पंगती बसल्या होत्या. त्या भल्या माणसाने मांडवात उभं राहून विचारलं, तुमच्या गावाची शीव कुठे आहे? सगळ्या गावाने एका दिशेला हात केला. वरण-बट्टी वाढणाऱ्याने हातातल्या पळीने दिशा दाखवली. शीव कुठून कशी जाते हे सांगायला अक्का पुढे झाल्या, कारण ती त्यांच्या घराला पाठ. चिंच कुठे, दगड कुठे, वळण कुठे, सगळं तास-दीड तास सांगितलं. मंडळ अधिकारी लिहून दमले. कागद कशासाठी हे कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. अशी चूक करायला माणसं हिंगलवदचीच हवीत.

परतीच्या बसमध्ये शेजारी नवा माणूस येऊन बसला, तरी अक्कांनी त्याला यादीचं विचारलं नाही. असं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं आणि मला ते अजिबात आवडलं नाही. स्टॉपवर उतरल्यावर एवढंच म्हणाल्या, "गुरुजी, मन्या हातनी बठ्ठं गाव मी नदीपार टाकी दिधं."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माझ्या दारात हजर. हरकत कशी लिहितात ते सांगा. मी मसुदा केला, त्यांनी तो चार वेळा बदलायला लावला. "उपरोक्त" नको, "सदरहू" नको, साहेबाला घाम येईल असं काही लिहू नका, माणसाशी बोलल्यासारखं लिहा. मग दारोदार सह्या. या वेळी प्रत्येकाला आधी कागद वाचून दाखवायचा आणि तो काय समजला ते त्याच्या तोंडून ऐकायचं, मग सही. एका आजोबांनी कंटाळून म्हटलं की अक्का मी सही करतो, सोड मला. अक्कांनी सोडलं नाही. त्यांना पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवलं.

सुनावणीला आम्ही ट्रॅक्टरने गेलो. सभागृहात ठिकठिकाणचे पुढारी, वकील, गठ्ठेच्या गठ्ठे कागद. अक्कांचा नंबर दुपारी लागला. समोरचे साहेब वयस्कर, चष्मा नाकावर आणलेले. त्यांनी हरकत वाचली, पंचनामा वाचला, दोन्हीवरच्या सह्या एकमेकींशेजारी धरल्या आणि विचारलं की बाई, दोन्हीकडे पहिली सही तुमचीच दिसते, यातलं खरं कोणतं? सभागृहात हशा पिकला. मी खुर्चीत आणखी खाली सरकलो.

अक्का सरळ उभ्या राहिल्या. तहसीलमध्ये त्या पुस्तकी मराठी बोलायच्या, त्या दिवशी ती साफ विसरल्या.

"दोन्ही खरं शे साहेब. शीव तठेच शे. पण शिवेवर कोणी ऱ्हात नही, माणसं ऱ्हातस ते गाव. माले विचारलं शीव कोठे, मी दखाडी. कसाले पाहिजे, ते विचाराले मी विसरनू. चूक मनी शे, गावनी नही. माले काय म्हणशात ते म्हणा, पण मना यादीमधला एक बी माणूस पूल ओलांडीसन मत द्याले जावाले नको."

साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि शेजारच्या अधिकाऱ्याशी बोलले. मग सांगितलं की कागदावर कागद टाकून हे सुटणार नाही. पुन्हा स्थळपाहणी करू. अमुक दिवशी आमची माणसं येतील, तेव्हा गावाने मिळून, गाव जिथे राहतं तिथली हद्द पायांनी चालून दाखवावी. एकानेही वाकडी दिशा दाखवली तर पहिला पंचनामा कायम.

आम्ही नाचायचेच बाकी होतो. ट्रॅक्टरमध्ये गाणी झाली. आणि गावात पोचलो तर तुळशीराम आबांनी सगळ्यावर पाणी ओतलं.

आबा गावातले सर्वांत वडीलधारे. लग्नात शिवेवरचा नारळ त्यांच्याच हातचा. माणूस देवमाणूस, पण हट्टी. ते म्हणाले, "शीव काय खाट शे का, उचली अन दुसरीकडे टाकी?" त्यांची बायको त्या दगडावरून गावात आली होती, आई आली होती. हायवेच्या कडेला उभं राहून हीच माझी शीव असं मी सांगणार नाही, मला खोटं बोलायला लावू नका. आणि आबा गेले नाहीत तर निम्मं गाव जाणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अक्का मला घेऊन आबांच्या ओट्यावर गेल्या. मला का नेलं ते मला माहीत नाही. मी एका कडेला कळण्याची भाकरी आणि ठेचा खात बसलो, कारण त्या घरात गेलेल्या माणसाला काही न खाता उठू देत नाहीत. आधी कापसाबद्दल बोलणं झालं, मग आबांच्या गुडघ्याबद्दल, मग नातीच्या लग्नाबद्दल. पूनमचं लग्न भडगावकडच्या घरी ठरलं होतं. मग अक्का थांबल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या,

"आबा, दोन गावंमा भांडण व्हयनं का शीव दखाडाले मन्या सासऱ्याले बलावेत. त्यासना शब्द कोणी मोडे नही. दखाडाले आम्ही, अन राहाले शिवेना बाहेर. तुमले माहीत शे."

जुन्या हिंगलवदात सुरवाड्यांची घरं गावाबाहेर, शिवेच्या अंगाला होती. त्यांच्या समाजाची तशी प्रत्येक गावात होती. नवं गाव वसलं तेव्हा प्लॉट चिठ्ठ्या टाकून दिले, आणि अक्कांच्या सासऱ्यांची चिठ्ठी निघाली ती गावाच्या अगदी मधोमध, पाण्याच्या टाकीशेजारी. हे मी ऐकून होतो, पण त्याचा अर्थ मला त्या ओट्यावर पहिल्यांदा कळला.

"चिठ्ठी उनी तवय सासरा ढसाढसा रडना," अक्का म्हणाल्या. "आठे मनं घर मधमा शे. मनी अंगणवाडी मधमा शे. तुमन्या नातू-नाती मन्या दारवरतीन शाळामा जातस. कागदवर गाव परत तठे गयं, तर मी परत बाहेर. ती शीव तुमनी शे, आबा. मनी ती कधी नव्हती."

मी घास हातात धरून बसलो. आबांनी सुनेला हाक मारून चहा टाकायला आणि साखर जास्त घालायला सांगितलं, आणि कापसाचाच विषय पुन्हा काढला. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. वाटेत मी अक्कांना विचारलं की आबा येतील का. त्या म्हणाल्या की राग असता तर साखर जास्त घालायला सांगितली नसती, बघू.

ठरलेल्या दिवशी सरकारी माणसं आली. दोन मोजणीवाले, एक कारकून, हातात चुन्याची पिशवी. टाकीपाशी गाव जमलं, पण निम्मंच. आबा नव्हते. कारकुनाने विचारलं की हद्द कोण दाखवणार. कोणी पुढे होईना. जो तो शेजाऱ्याकडे बघायला लागला. आणि मग अक्कांनी चप्पल काढून पिशवीत टाकली, यादी छातीशी धरली आणि चालायला लागल्या.

गावच्या उत्तर टोकाच्या घरापाशी थांबल्या. हे शेवटचं घर. मतदार पाच, एक नाशिकला नोकरीला, पण मताला येतो. लिहा. चुन्याची रेघ पडली. पुढचं घर, त्यात दोन भाऊ, बोलत नाहीत, पण यादीत एकाखाली एक आहेत. लिहा. कारकून म्हणाला, बाई, आम्हाला फक्त हद्द हवी. अक्का म्हणाल्या की मी तेच सांगतेय, माझ्याकडे दुसरी मोजपट्टी नाही. चालता चालता मागची माणसं वाढायला लागली. घराघरांतून बायका बाहेर आल्या, आपलं घर आलं की आपणच मोठ्याने सांगायला लागल्या. नाशिकच्या पोराची आई तर त्याच्या पगारासकट सांगायला लागली, तिला आवरावं लागलं. अंगणवाडीची पोरंही रांगेत शिरली. गावाला जत्रेची कळा आली.

नाल्यापाशी अडचण आली. मोजणीवाले म्हणाले की नाला ही सरळ नैसर्गिक हद्द, इथेच रेघ मारू. नाल्यापलीकडे केळीच्या मळ्यात एक झोपडी होती. सातपुड्यातून कामाला आलेलं पावरा कुटुंब तिथे कित्येक वर्षं राहत होतं, आणि त्यांची नावं गेल्याच वर्षी यादीत आली होती. नवरा-बायको नाल्याच्या त्या काठावर उभे राहून बघत होते.

अक्का नाला उतरल्या, पलीकडे चढल्या आणि झोपडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. "रेघ आठेन जाई," तिथून त्यांनी सांगितलं. मोजणीवाला म्हणाला की रेघ वाकडी होईल. अक्का म्हणाल्या की नाला तरी कुठे सरळ आहे. कारकुनाने गट नंबर काढून बघितला. मळा हिंगलवदच्याच नव्या हद्दीतला निघाला. चुन्याची रेघ झोपडीला वळसा घालून आली, आणि ती बाई पाण्याचा तांब्या घेऊन सगळ्यांच्या मागे चालायला लागली.

शेवटचा कोपरा हायवेच्या बाजूचा. तिथे जाऊन पाहतो तर तुळशीराम आबा काठी टेकून उभे. धुतलेलं धोतर नेसलेलं, हातात नारळ. किती वेळ उभे होते कोण जाणे. गाव थबकलं. मोजणीवाल्यांनाही काहीतरी कळलं असावं, ते बाजूला झाले.

आबा म्हणाले, "अक्का, बराबर कोठे, ते तू सांग."

अक्कांनी रस्त्याकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं, दोन पावलं डावीकडे सरकल्या आणि थांबल्या. त्यांच्या पायाशी आबांनी नारळ फोडला. नुसत्या जमिनीवर कसला फुटतोय, दोनदा उसळला, तिसऱ्यांदा एका पोराने दगड आणून दिला तेव्हा फुटला. पहिलं खोबरं आबांनी अक्कांच्या हातावर ठेवलं. अक्का बौद्ध, नारळ-बिरळ त्या मानत नसत, आणि आबांना ते माहीत होतं. अक्कांनी खोबरं तोंडात टाकलं आणि सांगितलं की प्रसाद म्हणून नही, भूक लागी म्हणून. आबा इतके हसले की त्यांना धरावं लागलं.

पंचनामा वाचून दाखवला गेला. शेवटी लिहिलं होतं, हद्द दाखवणार श्रीमती वत्सला सुरवाडे, राहणार हिंगलवद, गावठाणात. अक्कांनी तेवढी ओळ कारकुनाला पुन्हा वाचायला लावली. मग पेन मागितलं. या वेळी सही जरा वाकडी आली.

अंतिम यादीत हिंगलवद नव्या मतदारसंघात आलं आणि मतदान केंद्र आमच्याच शाळेत राहिलं. अक्कांनी त्या पानाची झेरॉक्स काढून अंगणवाडीत तक्त्यांच्या शेजारी लावली, अ अननसाचा आणि आ आंब्याचा यांच्या मधोमध.

निवडणुकीनंतर महिन्याभरातच माझी बदली धुळ्याला झाली. अक्कांशी फोनवर बोलणं होतं. धुळ्यात तरी यादीत नाव घातलं का हे विचारूनच त्या बाकीचं बोलतात. पण डोळ्यांपुढे येतात त्या मतदानाच्या दिवशीच्या.

उन्हाळा, लग्नसराई. आबांच्या पूनमचं लग्न त्याच दिवशी होतं, मुहूर्त काही निवडणुकीला विचारून निघत नाहीत. दुपारी बाराच्या सुमाराला, अक्षता पडल्यावर, नवरदेवाबरोबर पूनम शालू, मुंडावळ्या आणि मेंदीचे हात घेऊन मत द्यायला आली. बँड तिला पोचवायला आला होता, पण मतदान केंद्रापासून शंभर मीटरवर मारलेल्या रेघेपाशी पोलिसाने त्याला गप्प केलं, आणि बँडवाले ट्रम्पेट काखेत धरून शहाण्यासारखे उभे राहिले. शाळेबाहेर टेबल टाकून अक्का चिठ्ठ्या देत होत्या, मी शेजारी. पूनमची चिठ्ठी देताना अक्कांनी तिचं जन्माचं वजन नवरदेवाला सांगितलं आणि म्हणाल्या की आम्ही एवढीशी वाढवून दिली, आता तिकडच्या यादीत नाव घालायचं काम तुमचं, नाहीतर मी भडगावला येईन. नवरदेव बिचारा मान डोलावत राहिला. पूनमने मत दिलं, बोटावरची शाई मेंदीत मिसळणार नाही असं बोट उंच धरून बाहेर आली आणि अक्कांच्या गळ्यात पडली.

मग वऱ्हाड शिवेकडे निघालं. पूल नाही, ट्रॅक्टर नाही, हायवेच्या कोपऱ्यापर्यंत पायी. आबा पाच-दहा पावलं गेले आणि परत फिरले. टेबलापुढे येऊन त्यांनी काठी टेकली.

"चाल अक्का," ते म्हणाले. "तुनाबिगर शीव कोण दखाडी?"

अक्कांनी एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. पेन्सिल पिशवीच्या बंदाची सोडून माझ्या हातात दिली. त्या पेन्सिलीला मी त्याआधी कधी हात लावलेला नव्हता. आणि उठल्या. शंभर मीटरची रेघ ओलांडताच बँडने जोर धरला आणि सगळ्यांच्या पुढे, आबांच्या शेजारी, मोठं घड्याळ घातलेला हात हवेत नाचवत अक्का निघाल्या. त्यांना नाचता येत नाही हे गावाला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात केंद्रांची पाहणी करणारे एक साहेब गाडीतून उतरले. माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं की इथल्या बाई जागा सोडून कुठे गेल्या?

मी म्हणालो, "कुठे नाही साहेब. हद्दीतच आहेत."